वजा बारा

१

मेलेल्या माणसाचे ढीगभर फोटो होते आणि त्यातल्या एकातही त्याचे डोळे नीट दिसत नव्हते.

भिंगबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला आणि दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पुढचा फोटो उघडला. तोच म्हातारा, तीच खुर्ची, चेहऱ्यावर तेच मनमोकळं हसू. नाकाच्या शेंड्यावरचा तीळ स्वच्छ, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. डोळे मात्र ओल्या काचेतून पाहिल्यासारखे.

"सगळे असेच?" त्यांनी विचारलं.

"लांबून काढलेले ग्रुप फोटो खपून जातील. जवळून काढलेले सगळे गेले," काका म्हणाले.

काका म्हणजे चौकातल्या फोटो स्टुडिओचे मालक. अख्खा बाजार त्यांना काकाच म्हणायचा. भिंगबाईंच्या वडिलांपासून त्यांचे कॅमेरे याच दुकानात दुरुस्तीला येत. वडील गेले आणि दुकान, भिंगं, बारीक स्क्रू आणि पाठदुखी असं सगळं लेकीकडे आलं. भिंगबाई हे नाव बाजारानेच ठेवलं. आता सगळे फोनवर फोटो काढत, त्यामुळे दुरुस्तीला फारसं काही येत नसे. येई ते असलंच, रडगाण्यासकट.

"या म्हाताऱ्याच्या घरातली सगळी माणसं कित्येक वर्षांनी एकत्र जमली होती," काका सांगू लागले. "मला ताप होता. म्हणून छोटीला पाठवलं. आणि मोठेपणा करून माझा स्वतःचा कॅमेरा तिच्या हातात दिला. आठवड्यात म्हातारा गेला. त्याची मुलगी बाबांचा एक चांगला फोटो मागायला आली, तर दाखवायला एक नाही. काय तोंड दाखवू मी तिला?"

छोटी ही त्यांची असिस्टंट. नावापुरती छोटी, स्टुडिओत येऊन सहा वर्षं झालेली.

"आता तूच सांग," काका म्हणाले. "मशीनचा दोष निघाला तर पोरगी राहील. नाही निघाला तर तिने जायचं. मी तिला तसं सांगितलंय."

"तुमच्याकडून काढलेल्या पोरीला या बाजारात दारात कोण उभं करणार, काका?"

कमरेला हात लावून, हळूहळू वळून काका पायरी उतरले. भिंगबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला. आज लवकर घरी जायचं त्यांच्या मनात होतं.

२

त्यांनी कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला. समोरच्या टेबलावर एक पट्टी तिरकी ठेवली आणि पट्टीच्या मधोमध एक खूण केली. फोकस खुणेवर धरायचा, फोटो काढायचा आणि पट्टीवरचा कुठला आकडा सगळ्यात स्पष्ट येतो ते बघायचं. फोकस लेन्सकडे सरकला की मागे पडला, पट्टी लगेच चहाडी करते.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून त्यांनी बरेच फोटो काढले. प्रत्येकात खूण पुसट होती आणि खुणेच्या अलीकडचे, लेन्सच्या बाजूचे आकडे ठळक होते. दर वेळी तितकेच अलीकडचे.

इथे भिंगबाई पहिल्यांदा खुर्चीत सरळ झाल्या. माणूस चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. हात हलला तर सगळंच फोटोभर फरफटतं. दर वेळी मोजून तेवढंच चुकणं हे माणसाचं काम नव्हे. म्हणजे पोरगी सुटली, त्यांना वाटलं, आणि बरंही वाटलं.

मग त्यांनी मागच्या स्क्रीनवर बघून तोच फोटो काढला. खूण लख्ख आली.

या कॅमेऱ्यात आरसा होता. व्ह्यूफाइंडरमधून बघताना कॅमेरा अंतर एका वेगळ्या यंत्रणेने मोजतो, स्क्रीनवर बघताना थेट चित्रावरूनच ठरवतो. लेन्सचं भिंग सरकलेलं असतं तर दोन्हीकडे बोंब झाली असती. आरसा वाकला असेल म्हणून त्यांनी बॅगेतली काकांची जुनी लेन्स याच कॅमेऱ्याला लावून पाहिली. खुणेवर बरोबर. पुन्हा पहिली लेन्स लावली. पुन्हा अलीकडे.

आता एकच जागा उरली होती. मेनूच्या पार आत, जिथे सहसा कुणी फिरकत नाही, तिथे प्रत्येक लेन्ससाठी फोकस थोडा पुढेमागे सरकवायची सोय असते. मधे शून्य, एका बाजूला अधिक वीस, दुसऱ्या बाजूला वजा वीस; वजाकडे नेलं की फोकस लेन्सच्या बाजूला येतो. भिंगबाईंनी ते पान उघडलं.

वजा बारा.

हा आकडा आपोआप येत नाही. कॅमेरा पडला, भिजला, म्हातारा झाला तरी येत नाही. कुणीतरी बोटाने एकेक घर सरकवत तो तिथे नेला होता.

३

"म्हणजे मशीन चांगलं आहे," दुसऱ्या दिवशी स्टुडिओत काका म्हणाले. आवाजात समाधान नव्हतंच. "ठेवलास ना शून्यावर?"

"नाही. कुणाचं काम आहे ते कळेपर्यंत हात लावणार नाही."

"कळायचं काय त्यात? आदल्या दिवशी याच लेन्सने मी काढलेले फोटो आरशासारखे आहेत. मग कॅमेरा हिच्या हातात गेला. नंतर तो कपाटातून निघालाच नाही. हिनेच कुठेतरी बटणं दाबली असणार."

हिशोब बिनतोड दिसत होता. एवढा बिनतोड हिशोब दिसला की भिंगबाईंना उगाच थकवा येई.

छोटी मागच्या खोलीत पडदे घडी करत होती. डोळे सुजलेले.

"मावशी, शपथ सांगते, मी मेनू उघडलासुद्धा नाही. काकांचा कॅमेरा! मला तर हातात धरायलाच भीती वाटत होती. काकूंनी सांगितलं होतं, तुझा नेहमीचाच घेऊन जा. काकांनी ऐकलं नाही, बॅग माझ्या गळ्यात घातली आणि रिक्षात बसवलं."

"काकू असं का म्हणाल्या?"

"भरवसा नसेल माझ्यावर. आता बरोबरच ठरलं त्यांचं." तिने नाक पुसलं. "पण मनाने चांगल्या आहेत हो. रोज मला समजावतात, चहा करून देतात. त्या नसत्या तर मी पहिल्याच दिवशी निघून गेले असते."

बाहेर काकांचा चिरंजीव खुर्चीत पाय पसरून फोनवर काहीतरी बघत होता. स्टुडिओ बंद करून व्हिडिओचं काम सुरू करू, असा त्याचा बापाच्या मागे कधीपासूनचा लकडा होता. काका मात्र पुढेमागे कॅमेरा छोटीच्या हाती देणार, हे या भानगडीआधी सगळ्यांना दिसत होतं. संशय घ्यायला यापेक्षा सोयीचा माणूस मिळाला नसता.

भिंगबाईंनी कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "जरा यात फोकस मागेपुढे करून दे रे."

त्याने लेन्सवरची रिंग फिरवली. "हे काय. झालं."

"मेनूतून?"

"मेनूत फोकस?" तो हसला. "भिंगबाई, मला हा डबा चालू कुठून करतात तेसुद्धा बाबांना विचारावं लागेल. आणि मला वाट लावायची असती ना, तर मी सरळ कार्ड पुसलं असतं."

उद्धट होता, पण बोलला ते खोटं नव्हतं. भिंगबाईंना तेच खटकत होतं. वाट लावणारा माणूस आकडा पार वीसवर नेतो. बारावर येऊन कोण थांबतं? बारा हा शोधून काढलेला आकडा होता. एकावर बघितलं, पाचावर बघितलं, दहावर बघितलं, आणि कुठेतरी मन भरलं तेव्हा थांबलं. म्हणजे ज्याने हे केलं, त्याला फोटो बिघडवायचे नव्हते. त्याला ते चांगले करायचे होते.

तेवढ्यात एक बाई ओळखपत्राच्या फोटोसाठी लेकराला घेऊन आल्या. लेकरू ओठ मुडपून बसलं. काकांनी स्टुडिओतला जुना कॅमेरा डोळ्याला लावला, फोकस धरला आणि मग पुढे झुकून त्याच्याशी हळूच काहीतरी बोलले. लेकराचा चेहरा उजळला. झुकल्या झुकल्याच काकांनी बटण दाबलं.

"असंच काढता नेहमी?" भिंगबाईंनी विचारलं.

"त्याशिवाय माणूस खुलतो होय? आयुष्यभर असाच काढलाय," काका कमर दाबत म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात कमरेला पट्टा होता, तेव्हा तेवढं जमेना. ताठ उभं राहावं लागायचं. तेव्हा माझेही काही फोटो गेले. दुखण्यात लक्ष कुठे लागतं!"

भिंगबाई कॅमेरा उचलून काकूंच्या टेबलाकडे निघाल्या.

४

काकू कॉम्प्युटरपाशी बसत. काकांनी काढायचे आणि काकूंनी कार्ड काढून, मोठं करून, डाग पुसून छापायला पाठवायचे, असा त्या घरातला वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

"बस गं. दमलेली दिसतेस," काकू म्हणाल्या.

"दमलेलीच असते मी, काकू. मला या लेन्सचे काकांनी काढलेले फोटो बघायचेत. घेतली तेव्हापासूनचे."

काकूंचा हात माउसवर थबकला. "जुने बघून काय करणार? भानगड तर आत्ताची आहे."

"दाखवा तर."

लेन्स दीड वर्षापूर्वीची होती. पाठीमागचं सगळं पुसट हवं, असा गिऱ्हाइकांचा हट्ट सुरू झाला म्हणून घेतलेली. सुरुवातीचे फोटो उघडले आणि भिंगबाई पुढे सरकल्या. डोळे पुसट, कान मात्र स्पष्ट. फोकस मागे पडलेला. पुढच्या फोटोतही तेच. काही आठवडे हीच रड होती, आणि मग एका दिवसापासून सगळे फोटो अचानक चोख.

"मग हिवाळ्यातले. पट्ट्याच्या वेळचे."

काकू ते भराभर पुढे ढकलत होत्या. भिंगबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून एक थांबवला. कुणीतरी नवरी मुलगी होती. नाकाचा शेंडा स्पष्ट, डोळे पुसट. म्हाताऱ्याच्या फोटोंसारखंच, अगदी तितकंच.

म्हणजे वजा बारा हिवाळ्यातही होतं. छोटीच्या हातात कॅमेरा जाण्याच्या कितीतरी आधीपासून.

भिंगबाई उठल्या. गुडघे कुरकुरले. दाराशी पोचतात न पोचतात तोच काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"मशीन बिघडलं होतं म्हणून सांग ना," काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तुझा शब्द ते मोडणार नाहीत. पोरगीही राहील. सगळ्यांचं भलं होईल."

खरं सांगायचं तर भिंगबाईंना ते काल सुचलं असतं तर बरं झालं असतं. एक लहानसं खोटं, आणि घरी जाऊन पाय वर करून बसायचं. पण मशीन चांगलं आहे हे त्या सकाळीच बोलून बसल्या होत्या. आता दोष कुणाच्या तरी हाताचाच होता, आणि काकांच्या मते तो हात कुणाचा हे ठरलेलं होतं. बाहेर छोटी आपला डबा आणि छत्री पिशवीत भरत होती.

"सगळ्यांना बोलवा, काकू," भिंगबाई म्हणाल्या.

५

भिंगबाई स्वतःच फोटोच्या स्टुलावर बसल्या. "काका, याच कॅमेऱ्याने माझा फोटो काढा. तुमच्या पद्धतीने."

काकांनी फोकस धरला, पुढे झुकले आणि म्हणाले, "तुझे वडील म्हणायचे, आमच्या मुलीला स्क्रू सापडतो, पण स्वतःची चप्पल सापडत नाही." भिंगबाईंना हसू आलं. बटण दाबलं गेलं.

स्क्रीनवर फोटो मोठा केला. डोळे, पापण्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं नको तितकं स्पष्ट होतं.

"बघ! आकडा तोच आहे ना? माझ्या हातात चांगला येतो," काका म्हणाले. "म्हणजे हिच्याच हाताचा दोष."

"आता भिंतीला पाठ टेका. तोंडातून शब्द काढायचा नाही, जागचं हलायचं नाही. काढा."

काकांनी कपाळाला आठ्या घालत फोटो काढला. नाकाचा शेंडा स्पष्ट, डोळे पुसट.

भिंगबाईंनी मेनू उघडला आणि आकडा शून्यावर आणला. "छोटे, तू काढ." छोटीने काढला. डोळे लख्ख आले. "आता काका, परत तुमच्या पद्धतीने." काका झुकले. पण या वेळी त्यांना काही गंमत सुचली नाही, नुसतं बटण दाबलं. कान स्पष्ट, डोळे पुसट.

"आधी तुम्ही फोकस धरता आणि मग दोन-चार बोटं पुढे जाता," भिंगबाई स्टुलावरून उठत म्हणाल्या. आवाज शक्य तितका मऊ ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता. "कॅमेरा पुढे गेला की फोकसही माणसाला ओलांडून मागे जातो. जुन्या लेन्सला ते खपायचं, तिच्यात पुढचं-मागचं बरंच काही स्पष्ट येतं. ही नवी लेन्स बोटभर चूक पोटात घालत नाही. म्हणून पहिले काही आठवडे तुमचे फोटो बिघडले. मग कुणीतरी फोकस तेवढाच अलीकडे ओढून ठेवला. तुम्ही पुढे जाणार, हे धरून. छोटी पुढे झुकत नाही. ती शिकवल्यासारखी ताठ उभी राहिली, आणि तिचे सगळे फोटो अलीकडे पडले. तुमच्या कमरेला पट्टा होता तेव्हा तुमचेही पडले. पोरीने काहीच चुकीचं केलं नाही, काका. हा कॅमेरा फक्त तुमच्या मापाचा केलेला होता."

"कुणी केला?"

ज्याला रोज फोटो मोठे करून बघता येतात आणि रोज कॅमेरा हाताळता येतो, असा त्या घरात एकच माणूस होता. छोटीला दुसरा कॅमेरा ने म्हणून सांगणाराही तोच.

"मी," काकू म्हणाल्या.

काका वळले.

"तुम्ही जेवत नव्हतात. डोळे गेले माझे, आता दुकानाला कुलूप लावा, असं रोज म्हणायचात. डॉक्टर म्हणाले डोळे चांगले आहेत, तरी पटेना. मी दुपारी तुम्ही झोपलात की आकडा एकेक घर सरकवायचे आणि संध्याकाळी बघायचे. एके दिवशी जमलं. तुम्ही त्या दिवशी किती खूश होतात. हात परत आला म्हणालात. मग कसं सांगायचं?"

"म्हणजे हे दीड वर्ष..." काका स्टुलावर टेकले.

"फोटो तुमचेच होते," काकू घाईने म्हणाल्या. "माणसं तुम्हीच हसवलीत."

"आणि मी, काकू?"

आवाज छोटीचा होता. सगळे तिच्याकडे वळले. ती पिशवी छातीशी धरून उभी होती.

"इतके दिवस मी मागच्या खोलीत बसून रडत होते. एका म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा फोटो माझ्यामुळे गेला म्हणून मला झोप लागत नव्हती. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला चहा आणून देत होतात."

चिरंजीव कधी नव्हे ते फोन खिशात घालून जमिनीकडे बघत होता.

"आज बोलेन, उद्या बोलेन असं करत राहिले," काकू शेवटी म्हणाल्या. "त्यांचं मन मोडेल याची भीती वाटली, आणि तुझं मोडताना बघत बसले. फार वाईट वागले मी तुझ्याशी."

काका उठले. कॅमेरा उचलून छोटीसमोर धरला. "आता हा तुझा. शून्यावरच राहू दे. तू काढायचे फोटो. मी बाजूला उभा राहून माणसांशी बोलेन."

छोटीने हात पुढे केला नाही.

"आधी त्या बाबांच्या मुलीकडे जायचं," ती म्हणाली. "तिच्या डोळ्यांत मीच दोषी आहे. मी येते तुमच्याबरोबर. पण बोलायचं तुम्ही दोघांनी."

काकूंनी पदर सारखा केला आणि चपला शोधू लागल्या.

६

दोन दिवसांनी छोटी भिंगबाईंच्या दुकानात आली. काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली. भिंगबाईंनी एका लेन्सची काच पुसायचं काम चालू ठेवलं. बोलायचं असेल तेव्हा बोलेल.

"काकूंनी सगळं सांगितलं," छोटी म्हणाली. "दारातच. एक शब्द गाळला नाही. काका मान खाली घालून उभे होते."

"आणि मुलगी?"

"ऐकून घेतलं. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. मग तिने मला विचारलं, त्या दिवशी बाबा एवढे कशाला हसत होते? मी म्हटलं, मला घाबरलेली बघून तेच मला म्हणाले, पोरी, मी चावत नाही, दातच नाहीत. ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. हसली पण मधेच. म्हणाली, हसतानाचा एक द्या. पुसट असला तरी द्या."

भिंगबाईंनी लेन्स खाली ठेवली.

"उद्यापासून कामावर जातेय," छोटी म्हणाली. "काका बाजूला उभे राहणार आहेत म्हणे."

"आणि काकूंशी?"

छोटीने काउंटरवरचा एक बारीक स्क्रू उचलला, बोटांत फिरवला, परत जागेवर ठेवला.

"बोलेन," ती म्हणाली. "पण चहा मात्र आता माझा मीच करून घेणार."